शिलाईवाचून बासन

घरी भाजलेला पाव भेट द्यायचा तर तो सुती कापडाच्या चौकोनात बांधावा, एकही टाका घालू नये, चार टोकांच्या गाठींवर सगळे भागवावे. ही साधी कला आता कितीतरी देशांतल्या स्वयंपाकघरांत पोचली आहे. तिचे कूळ शोधू लागलो की एक ठळक वाट जपानला जाते आणि तिथे ती थेट न्हाणीघरात शिरते. फुरोशिकी हे त्या कापडाचे नाव. फुरो म्हणजे स्नानगृह, शिकी म्हणजे अंथरायची वस्तू.

कापड मात्र या नावापेक्षा कितीतरी जुने आहे. नारा शहरात तोदाइजी या बौद्ध मंदिराजवळ शोसोइन नावाचे लाकडी कोठार आहे. इ.स. ७५६ मध्ये सम्राट शोमू वारला, तेव्हा सम्राज्ञी कोम्योने त्याच्या वस्तू मंदिराला अर्पण केल्या. त्या वस्तू आणि मंदिराचा बराचसा ऐवज या कोठारात बाराशेहून अधिक वर्षे टिकून राहिला. त्यात पोशाख गुंडाळून ठेवायची फडकी आहेत. त्यांना तेव्हा नुसते त्सुत्सुमी, म्हणजे गुंडाळणे, एवढेच म्हणत. पुढच्या हेइआन काळात त्यांत कपडे बांधून गाठोडे डोक्यावरून नेऊ लागले. मौल्यवान वस्तू धुळीपासून जपायची तर चौकोनी कापडात बांधावी, ही बुद्धी आपल्याकडेही झालीच होती. पोथी बासनात बांधली जाई. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधले गेले आणि रुमाल हेच त्यांच्या मोजणीचे एकक होऊन बसले. याकरता कुणाला कुणाकडून शिकावे लागले नाही. मागावरून उतरलेले सरळ कापड आणि माणसाची बोटे जिथे आहेत तिथे हे सुचणारच.

न्हाणीघराचा संबंध येतो त्याच्याही पुढच्या मुरोमाची काळात. परंपरा अशी सांगते की शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमित्सुने आपल्या वाड्यात मोठे स्नानगृह बांधले आणि तिथे सरदारांना स्नानाला बोलावले. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपले कपडे आपल्या घराण्याचे चिन्ह असलेल्या रेशमी कापडात बांधून ठेवले. स्नान झाल्यावर तेच कापड खाली पसरून त्यावर उभे राहून कपडे चढवले. त्या काळची स्नानगृहे बहुधा वाफेची असत, त्यामुळे ओल्या जमिनीवर पायाखाली काहीतरी लागायचेच. फुरोशिकी हा शब्द लेखी सापडतो तो १६१६ मध्ये, शोगुन तोकुगावा इएयासुच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या वाटणीच्या यादीत. जपान ज्याने एका सत्तेखाली आणले त्याच्या ऐवजात कोकुरा गावच्या सुती कापडाची फुरोशिकी नोंदवलेली आहे. मला ही नोंद फार मोलाची वाटते. रेशमाच्या आणि तलवारींच्या बरोबरीने कारकुनाने एक सुती फडकेही लिहून ठेवले.

तो सुती शब्दही महत्त्वाचा आहे. त्याआधी जपानी सामान्य माणसाचे कापड झाडाच्या सालीतून काढलेल्या खरबरीत धाग्यांचे असे. सोळाव्या-सतराव्या शतकात कापसाची लागवड पसरली आणि मऊ, धुवायला सोपे, गाठ धरून ठेवणारे कापड गरिबाच्या हाती आले. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सार्वजनिक स्नानगृहे वाढली आणि लोक आपले सामान फडक्यात बांधून तिथे जाऊ लागले. सरदारांची रीत गल्लीत उतरली, आणि गल्लीत आल्यावर ती न्हाणीघरापुरती राहिलीच नाही. फेरीवाले पाठीवर माल बांधून हिंडू लागले. मित्सुइ घराण्याने १६७३ मध्ये एदोत एचिगोया हे कापडाचे दुकान काढले, तसली दुकाने आपले चिन्ह फुरोशिकीवर छापत, आणि गिऱ्हाइकाकडे माल पोचवणारा नोकर चालताचालता दुकानाची जाहिरात करी. १६५७ च्या मेइरेकी आगीने एदोचा मोठा भाग जाळला. लाकडी घरांच्या त्या शहरात गादीखाली मोठी फुरोशिकी अंथरून झोपायची सवय होती. आगीची घंटा झाली की चार टोके उचलायची, अंथरुणासकट हाताशी असेल ते बांधायचे आणि पळायचे.

आता त्याची घडण. किमोनोसाठी विणलेल्या कापडाचा पन्हा साधारण ३५ सेंटिमीटर असे, म्हणून फुरोशिकीची मापे पन्ह्यांत मोजतात. दोन पन्ह्यांची साधारण ७० सेंटिमीटरची, तीन पन्ह्यांची १०५ ची. पूर्वी पन्हे जोडायला एक सरळ शिवण लागे आणि आडव्या कडा दुमडून घेत. याहून अधिक सुईला काम नव्हते. कशाच्याही आकाराप्रमाणे कापड बेतायचे नाही, हे या कलेचे मर्म. पिशवी शिवली की ती एका मापाची होते. हे कापड मात्र आज कलिंगड धरते, उद्या बाटली, परवा पुस्तके.

ते इतके घट्ट बसते याचे कारण विणीत आहे. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढले तर सुती कापड फारसे ताणत नाही, पण तिरके, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे ओढले की ते ताणते. फुरोशिकीची टोके नेहमी कर्णात बांधली जातात, म्हणून कापड वस्तूभोवती ताणून अंगाला चिकटते. गाठही ठरलेली, मा-मुसुबी, म्हणजे खरी गाठ. उजवे टोक डाव्यावरून घेऊन पहिला वेढा, मग तेच टोक, जे आता डावीकडे आले, उजव्यावरून घेऊन दुसरा. टोके दोन बाजूंना आडवी पडली तर गाठ बरोबर बसली. उभी राहिली तर ती ओझ्याने सरकणार. सोडण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे. एक टोक धरून उलट दिशेला सरळ ताणायचे, दुसऱ्या टोकाचा वेढा त्यावर सैल बसतो आणि अलगद सरकून निघतो. दहा किलोचे ओझे धरणारी ही गाठ नखही न लावता सुटते.

कापड आणि गाठ झाली, आता पाव. तो जपानला पोर्तुगीजांनी दिला, सोळाव्या शतकात. त्याच पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला होता, आणि आपला पावही त्यांचाच. जपानने तो आपलासा केला तो खरा मेइजी काळात. टोकियोच्या गिन्झा भागातल्या किमुराया दुकानाने १८७४ मध्ये साके या मद्याच्या विरजणाने फुगवलेला, आत लाल कडधान्याचे गोड पुरण भरलेला आनपान काढला. पुढच्या वर्षी सम्राट मेइजीला खारवलेले चेरीचे फूल लावलेले आनपान देण्यात आले.

खाण्याची भेट कापडात बांधणे आपल्याला मुळीच परके नाही. भागवताच्या दशम स्कंधात, ज्याला आपण सुदामा म्हणतो त्याच्या बायकोने चार मुठी पोहे मागून आणून चिंधीत बांधून दिले. कृष्णाला ते आवडले म्हणून आपल्याला ती पुरचुंडी अजून आठवते. भाकरीही आपण फडक्यात बांधतोच, पण तिथे हेतू उलटा असतो. गरम भाकरी बांधली की वाफ आत कोंडते आणि भाकरी मऊ राहते. कडक पापुद्र्याच्या पावाला हीच वाफ मारक. तो पूर्ण निवेपर्यंत जाळीवर ठेवावा. मधला भाग गरम असताना बांधला तर पापुद्रा चामट होतो आणि ओल धरून बुरशी लवकर येते. निवल्यावर सुती कापड त्याला हवे तितकेच झाकते, प्लास्टिकसारखे गुदमरवत नाही.

मापाचा जुना नियम असा की वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या एक तृतीयांशाएवढी असावी. ७० सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण ९९ सेंटिमीटर, म्हणजे ३३ सेंटिमीटरचा लांबट पाव त्यात नीट बसतो. जुन्या सुती साडीचे कापड याला उत्तम, धुऊन धुऊन मऊ झालेले. कात्रीने न कापता एक छेद देऊन फाडावे, कापड धाग्याच्या रेषेतच सरळ फाटते. साडीचा काठ एका बाजूला येऊ द्यावा, तो उसवत नाही. फाटलेल्या बाजूंचे चार-पाच धागे ओढून उपरण्यासारख्या दशा सोडल्या की सुईची गरज उरत नाही. पाव कर्णावर ठेवावा, जवळचे टोक त्यावर टाकून खाली खोचावे, समोरचे टोक ओढून पूर्ण झाकावे, आणि उरलेली दोन टोके वर आणून मा-मुसुबी घालावी. तीच मूठ.

दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी आणि मग प्लास्टिकच्या पिशव्यांनी फुरोशिकी मागे सारली. २००६ मध्ये जपानच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ती पुन्हा लोकांपुढे आणली. वापरलेल्या प्लास्टिक बाटल्यांच्या धाग्याची, अठराव्या शतकातला चित्रकार इतो जाकुचू याच्या चित्राने सजवलेली मोत्ताइनाइ फुरोशिकी त्यांनी प्रसिद्ध केली. वाया गेले याची हळहळ, असा मोत्ताइनाइचा भाव. प्रचार म्हणून ते उत्तमच होते, तरी पावाला बांधायला मी कापसालाच पसंती देईन. त्या धाग्याला ओल शोषता येत नाही.

जपानी शिष्टाचारात फुरोशिकी भेटीचा भाग नसते. यजमानासमोर गाठ सोडायची, भेट पुढे करायची, कापडाची घडी घालून परत न्यायचे. ते तिथेच राहिले तर धुऊन परत करायचे, आणि परत येणाऱ्या कापडात किंवा डब्यात काड्यापेटीसारखे काहीतरी लहानसे ठेवायचे. या रीतीला ओउत्सुरी म्हणतात. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, असे आपल्या घरांतही शिकवले जाते, त्यामुळे हे समजायला मराठी माणसाला कष्ट पडत नाहीत. कापडासकट पाव द्यायचा असेल तर देतानाच तसे सांगावे. नाहीतर आठवड्याने ते फडके धुऊन, इस्त्री होऊन दारात येईल आणि त्यात चार लिंबे किंवा मूठभर कढीपत्ता बांधलेला असेल.