बाजार उठल्यानंतर

‘बाजार उठला’ हे शब्द मराठीत दोन अर्थांनी येतात. एक साधा: दिवेलागण झाली, पथाऱ्या गुंडाळल्या, टेम्पो भरून निघाले. दुसरा वाटोळे झाल्याचा. शहराच्या वेशीवरच्या एखाद्या आठवडे बाजारात रात्री आठला जाऊन उभे राहा, दोन्ही अर्थ एकाच मैदानात सापडतील. फ्लॉवरचा पाला, कोबीची बाहेरची पाने, फुटलेले टोमॅटो, त्यांत गुंतलेल्या पातळ पिशव्या, कडेला कोंबडीची पिसे, आणि या सगळ्यातून निवांत चरत जाणारी एखादी गाय. या ग्रंथाचा विषय तिथून सुरू होतो.

तो पहिल्या भेटीत आवडावा, असा आग्रह नाही. कचरा म्हटला की आपण नाकाला रुमाल लावतो आणि शौचालयाचे नाव निघाले की विषय बदलतो. तरीही वाचकांनी थोडी सवड काढावी, ही विनंती. आपल्या घरातली मेथीची जुडी सकाळी कोणत्या जमिनीवर पडली होती, हे समजून घेण्यात स्वार्थही आहे आणि गोडीही.

पुण्याला १८८६ साली मंडई मिळाली: दगडी इमारत, ठरलेली जागा, डोक्यावर छप्पर. वेशीवरच्या बाजाराच्या वाट्याला आली ती रस्त्याची कड किंवा मोकळे रान. गाव लहान होते तोवर तेवढ्यावर निभावले. उरलेला पाला गुरे खात, राहिलेले उकिरड्यावर पडे, आणि उकिरडा पेरणीआधी शेतात जाई. याला कोणी व्यवस्थापन म्हणत नव्हते, पण काम होत होते. भोवती इमारती आल्या तशी गिऱ्हाइके वाढली, शेत लांब गेले आणि पाल्यात प्लॅस्टिक शिरले. शेतकरी वास सोसतो. वावरात पिशव्या सोसत नाही. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, पण बंदी कागदावरून भाजीवाल्याच्या पथारीपर्यंत पोचायला वेळ लागतो. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आपल्याकडे उकिरडाच नाहीसा झाला.

या बाजारांची दुसरी अडचण अशी की ते नेमके कोणाचे, हे पटकन सांगता येत नाही. पुण्याच्या पूर्वेकडील फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे घ्या. २०१७ मध्ये ती महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असे तीन कारभार. त्यातच शहराचा कचरा वर्षानुवर्षे याच भागातल्या डेपोत येत राहिला. शहराची घाण पोटात घेणाऱ्या भागाला स्वतःच्या कचऱ्यासाठी कोणाचे दार ठोठावायचे ते कळू नये, हा विरोधाभास तुम्हाला पुढे वारंवार भेटेल.

कायद्याच्या नजरेलाही हा पट्टा उशिरा दिसला. घनकचऱ्याचे २००० सालचे नियम फक्त नगरपालिका क्षेत्रांपुरते होते. २०१६ च्या नियमांनी शहरालगतच्या वाढीव वस्त्या आणि ‘जनगणना शहरे’ही कक्षेत घेतली. पाच हजारांवर लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची दाटी आणि पंचाहत्तर टक्के मुख्य पुरुष कामगार शेतीबाहेर, अशा ठिकाणाला जनगणना शहर म्हणते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहू शकतो. त्याच नियमांत भाजी, फळे, फुले, मांस आणि मासळी बाजारांतला कचरा रोज उचलावा आणि त्यावर बाजारातच किंवा जवळपास प्रक्रिया व्हावी, असेही म्हटले होते. वाक्य चांगले आहे. फक्त ते रोज भरणाऱ्या बाजाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले दिसते.

आठवडे बाजाराचे घड्याळ वेगळे. सहा दिवस मैदान मोकळे आणि सातव्या दिवशी एकदम ढीग. म्हणूनच यंत्र निवडण्याआधी वार विचारावा. बायोगॅसच्या संयंत्राला रोज थोडे खाद्य लागते. आठवड्यातून एकदा पोटभर आणि मग उपास, हे त्यातल्या जिवाणूंना मानवत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ संयंत्र रोजच्या मंडईजवळ शोभते. आठवडे बाजाराला खताचा ढीग अधिक सोसतो, पण त्याचीही पथ्ये आहेत. भाजीपाल्यात बहुतांश पाणीच असते. नुसता पाला रचला तर तो दबतो, हवा कोंडते आणि घाण पाणी सुटते. त्यात वाळका पालापाचोळा, भुसा किंवा पाचट मिसळून कर्ब आणि नत्राचे प्रमाण पंचवीस-तीसास एक असे आणावे लागते. ढीग आतून ५५ अंशांपर्यंत तापून काही दिवस तसाच राहिला, की रोगजंतू आणि तणाचे बी बहुतेक मरते. कोंबडीची आतडी मात्र या ढिगात टाकू नयेत. तेवढ्याने कुत्री जमतात आणि शेजारी तक्रारीला येतात.

तंत्राची प्रकरणे रंजक आहेत. तरी माझे ऐकाल तर त्यांच्याआधी पावतीचे प्रकरण वाचा. बऱ्याच गावांत बाजारकर वसुलीचा दरवर्षी लिलाव होतो. ठेकेदाराचा माणूस पथारीपथारीवर पावती फाडत जातो. झाडू मारायला दुसऱ्या दिवशी येते ती पंचायतीची सफाई कामगार. पावती एकाच्या हातात आणि झाडू दुसरीच्या, या दोन हातांची गाठ कुठेच पडत नाही. लिलावाच्या अटींत ‘रात्री मैदान साफ करून देणे’ ही एक ओळ आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय मी तरी कोणत्याही बाजाराबद्दल मत देत नाही. एवढे एकच विचारणे आम्हाला सुचायला फार वर्षे लागली, हेही कबूल करतो.

स्वच्छता म्हणजे निव्वळ कचरा नव्हे. पहाटे टेम्पोत बसून आलेली भाजीवाली संध्याकाळपर्यंत जागेवरून उठत नाही. बाजारात शौचालय नसते, किंवा असते आणि त्याला कुलूप असते. मग ती पाणीच कमी पिते. उन्हाळ्यातल्या बाजारात याचा अर्थ काय होतो, ते सांगायला डॉक्टर नको. पाहणीला जाणाऱ्या वाचकांनी शौचालय ‘आहे का’ एवढ्यावर थांबू नये. चावी कोणाकडे असते आणि बाजाराच्या दिवशी नळाला पाणी येते का, हेही विचारावे.

या अभ्यासक्षेत्राची पाळेमुळे विद्यापीठात जेवढी आहेत, तेवढीच रस्त्यावर. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये तिच्यातून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आकाराला आली. कचऱ्यातले काय विकते, काय सडते आणि काय कोणालाच नको असते, ही वर्गवारी त्या बायकांच्या बोटांना आमच्या आधी ठाऊक होती. या पुस्तकातली कोष्टके त्या ज्ञानाचीच नीटनेटकी मांडणी आहे, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पाने क्रमाने वाचायला हवीत असे नाही. पण मध्येच एखाद्या बाजारदिवशी पुस्तक मिटा आणि जवळच्या बाजारात दोनदा जा: एकदा दुपारी चारला, भाव तेजीत असताना, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, झाडू यायच्या आधी.