अर्ध्या सेकंदाचा पुरावा : लॉगिनमधील चोरदरवाजांचा इतिहास

१/ मार्च २०२४. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड वेगाची एक सूक्ष्म चाचणी घेत होते. मोजमापात व्यत्यय नको म्हणून संगणकावरील इतर हालचाल शांत करताना त्यांना दिसले की दूरवरून येणाऱ्यांना प्रवेश देणारा ‘एसएसएच’ हा प्रोग्रॅम नको तितका राबतो आहे. तेही कोणाला आत घेताना नव्हे, तर चुकीच्या नावाने आलेल्यांना दारातूनच परतवताना. नकार द्यायला एवढे श्रम का पडावेत? लॉगिनला लागणारा जादा वेळ भरला सुमारे अर्धा सेकंद.

२/ त्या अर्ध्या सेकंदात काय दडले होते, याकडे शेवटी येऊ. आधी पन्नास वर्षे मागे जाणे भाग आहे. कारण पहारेकऱ्यालाच फितवण्याची ही कल्पना तेव्हाच कागदावर उतरली होती.

३/ १९७४ मध्ये पॉल कार्गर आणि रॉजर शेल या अमेरिकी हवाई दलातील दोघांनी ‘मल्टिक्स’ या संगणक प्रणालीच्या सुरक्षेची चिकित्सा करणारा अहवाल लिहिला. चोरदरवाजा कंपायलरमध्येच बसवता येईल, आणि तो कंपायलर पुन्हा घडवला तरी स्वतःला टिकवून धरील, असा इशारा त्यात होता. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर, अर्थात सोर्स कोड, यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. दुभाषा म्हणा हवे तर.

४/ बेल लॅब्जमधील केन थॉम्पसन यांनीही पूर्वी मल्टिक्सवर काम केले होते. तो प्रकल्प बेलने सोडला आणि त्यानंतर थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून युनिक्स घडले. १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक या दोघांना मिळाले. असा मान मिळालेला माणूस आपल्या कर्तृत्वाचा आढावा घेईल, ही श्रोत्यांची अपेक्षा. थॉम्पसन यांनी मात्र व्याख्यानात एक दरोडा समजावून सांगितला. ऑगस्ट १९८४ मध्ये ते छापले गेले. मूळ कल्पना हवाई दलाच्या एका अहवालात वाचली होती, हे ऋणही त्यांनी मान्य केले; त्याचा नेमका संदर्भ तेवढा त्यांना सापडत नव्हता.

५/ दरोड्याची रीत अशी. युनिक्समध्ये पासवर्ड तपासण्याचे काम ‘लॉगिन’ नावाचा प्रोग्रॅम करतो. कंपायलरला अशी खोड लावायची की लॉगिनचा सोर्स समोर आला की यंत्रभाषेत उतरवताना त्याने गुपचूप एक कलम वाढवावे : खरा पासवर्ड तर चालेलच, पण हा ठरावीक पासवर्डही चालेल. लॉगिनचा सोर्स कितीही वेळा वाचा; त्यात काही सापडणार नाही. कुंपणच शेत खाते ते असे.

६/ कोणी म्हणेल, मग कंपायलरचा सोर्स वाचावा. थॉम्पसन यांनी ती वाटही बंद केली. कंपायलरला दुसरी खोड : स्वतः कंपायलरचाच सोर्स समोर आला की दोन्ही खोडी नव्या कंपायलरमध्ये उतरवायच्या. एकदा असा कंपायलर तयार झाला की सोर्समधून सगळा पुरावा पुसून टाकायचा. यापुढे स्वच्छ सोर्सपासूनही बाधित कंपायलरच जन्माला येतो.

७/ दफ्तरखान्यात बसणाऱ्यांना ही अडचण चांगली कळेल. समजा, बनावट सनद करणारा इसमच दफ्तराचा कारकून आहे. अस्सल कागद पेटीत निर्मळ आहे. तो कोणीही वाचून पाहू शकतो. नक्कल मागितली की कारकून एक ओळ घुसडून देतो, आणि आपल्या जागी येणाऱ्या प्रत्येक नव्या कारकुनाला हीच विद्या शिकवून जातो. पेटीतला कागद शंभरदा तपासून काय साधणार?

८/ अनेकांनी ही केवळ तात्त्विक कसरत मानली. तसे नव्हते. थॉम्पसन यांनी पुढे सांगितल्यानुसार, बेलमधल्याच युनिक्सची देखभाल करणाऱ्या गटाने हा कंपायलर त्यांच्याकडून घेतला. त्यात एक नवी सोय घातल्यामुळे जुन्या कंपायलरवर त्याचा सोर्स उतरेना. म्हणून तयार यंत्रभाषेतली प्रतही घ्यावी लागली. महिन्याभरात त्या गटाचे लॉगिन फितूर झाले.

९/ मग ते उघडकीस कसे आले? मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सोर्स वाचून कोणालाच काही कळले नाही. गटातल्या कोणाला तरी कंपायलरच्या चिन्हतक्त्यात, म्हणजे आतल्या नावांच्या यादीत, एक विचित्र नोंद दिसली. शोध घेताना त्यांनी कंपायलरला थेट यंत्रभाषेऐवजी तिच्या अलीकडच्या पायरीचा, असेंब्लीचा, मजकूर काढायला लावले आणि तो निराळा जुळवला. त्या आडवाटेवर खोड काम करीत नसे. साखळी तुटली आणि काही महिन्यांनी लॉगिनमधला दरवाजाही नाहीसा झाला. कंपायलर बेलबाहेर कधी गेला नाही.

१०/ २०२३ मध्ये रस कॉक्स यांनी थॉम्पसन यांच्या संमतीने तो मूळ कोड टिपांसह प्रसिद्ध केला. अवघ्या शंभरेक ओळी. त्यात एक गंमतही निघाली : एका चुकीमुळे हा कोड दर पुनर्निर्मितीला एका बाइटने फुगत असे. फाइलचा आकार टिपून ठेवणारा एखादा काटेकोर माणूस असता, तर तेवढ्यावरूनही संशय घेता आला असता.

११/ योगायोगावर विसंबायचे नसेल तर पद्धत हवी. डेव्हिड व्हीलर यांनी ती २००५ मध्ये मांडली आणि २००९ च्या पीएचडी प्रबंधात तर्कशुद्ध सिद्ध केली. संशयित कंपायलरचा सोर्स दुसऱ्याच, स्वतंत्र वंशाच्या कंपायलरकडून उतरवून घ्यायचा. जो नवा कंपायलर मिळेल, त्याच्याकडून तोच सोर्स पुन्हा उतरवायचा. हे अंतिम फळ आणि हाती असलेली संशयित प्रत बिट न् बिट जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुठेतरी पाणी मुरते आहे. पाठभेद तपासणारा संशोधक एकमेकींवरून न उतरलेल्या पोथ्या शेजारी ठेवतो, त्याचाच हा भाऊबंद. दुसरा कंपायलर संपूर्ण निष्कलंक असण्याचीही गरज नाही. नेमकी तीच खोड त्याच्यात नसली म्हणजे पुरे.

१२/ आता पुन्हा मार्च २०२४. फ्रॉइंड यांना आठवले की काही आठवड्यांपूर्वी स्मृतिदोष शोधणाऱ्या ‘व्हॅलग्रिंड’ या साधनानेही अशीच अनाकलनीय तक्रार केली होती. माग काढता काढता ते ‘एक्सझेड’ या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या लायब्ररीपाशी पोहोचले. तिचा लॉगिनशी वरकरणी संबंधच नाही. पण काही लिनक्स वितरणांनी एसएसएचला जी जोड दिली होती, तिच्यामार्फत ही लायब्ररी पहारेकऱ्याच्या घरात शिरत होती.

१३/ ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे निष्ठेने काम करून या प्रकल्पाची सूत्रे मिळवली होती. नंतर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दरवाजा बसवला : स्वाक्षरी तपासणारे फलन बदलायचे, आणि ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली आहे त्याची आज्ञा निमूटपणे पाळायची. घातक कोड चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींत लपवला होता. तो बाहेर काढून पेरणारी ओळ सार्वजनिक सोर्सभांडारात नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. पेटीतला कागद निर्मळ, नकलेत जादा ओळ!

१४/ २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी सारे जाहीर केले. बाधित आवृत्त्या तोवर मुख्यत्वे डेबियन, फेडोरा इत्यादींच्या चाचणीपातळीवरच पोहोचल्या होत्या. त्या तातडीने मागे घेतल्या गेल्या. स्थिर आवृत्त्या वापरणारे असंख्य सर्व्हर थोडक्यात बचावले. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे मात्र अद्याप उघड झालेले नाही.