तळहातावरचे क्षेपणास्त्र



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. प्लॅस्टिकची खेळणी हा इतिहासाचा विषय केव्हापासून झाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तरादाखल मी आपल्याला आपल्याच अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्याची आठवण देतो. त्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, आणि महाराजांचे सिंहासन निम्मा बालेकिल्ला अडवून बसते. त्याला कोणी हरकत घेत नाही. कारण तो किल्ला भक्तीचा असतो, मोजमापाचा नव्हे. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे त्या वस्तूचा सारा प्राण मात्र मोजमापात आहे.

ही वस्तू म्हणजे सोव्हिएत बनावटीच्या आर-१७ क्षेपणास्त्राची आणि ते वाहून नेणाऱ्या वाहनाची पस्तीसपट लहान प्रतिकृती. पाश्चात्त्यांनी ह्या क्षेपणास्त्राला ‘स्कड’ हे नाव दिले. मूळ क्षेपणास्त्र सुमारे ११ मीटर लांबीचे. टेबलावर ते ३२ सेंटिमीटरांचे होते. ज्यावर ते आडवे निजते ते मिन्स्कच्या कारखान्यातले माझ-५४३ हे आठ चाकांचे धूड १३ मीटरांहून लांब; त्याचे ३८ सेंटिमीटर होतात. चालकाची खोली ह्या वाहनाला एक नाही, दोन आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोहोंच्या मधून क्षेपणास्त्राचे टोक पुढे डोकावते.

पेटी उघडली की हे सारे सुटे पडलेले असते. पोलिस्टायरीनचे दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. थंड झाल्यावर भाग एका चौकटीला काड्यांनी लटकलेले बाहेर येतात. ते कापून, काडीचा खुंट कानशीने घासून जुळवायचे. सांधणारा द्रव डिंकासारखा चिकटत नाही. तो दोन्ही कडा विरघळवून त्यांना एकजीव करतो. म्हणजे चुकीच्या जागी जोडलेला भाग पुन्हा सुखरूप निघत नाही. आठ चाके एकाच वेळी जमिनीला टेकणे हीच ह्या जोडणीची खरी परीक्षा. एक आस केसभर तिरपा बसला की एक चाक अधांतरी राहते.

पस्तीस हाच आकडा का, असे कोणी विचारील. त्यामागे शास्त्र नाही. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जपानच्या तामिया ह्या कंपनीने एका जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्यावरून तिचा आकार ठरला. पुढे मोजून पाहिले तेव्हा प्रमाण एकास पस्तीस भरले, आणि जगाने ते उचलले. बॅटरीच्या जाडीवरून जगभरच्या छोट्या सैन्यांची उंची ठरावी, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

असो. आता मुद्द्याकडे वळतो. क्षेपणास्त्राला चाके लावण्याचा हेतूच मुळी ते दिसू नये हा होता. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी हॉलंडमधल्या हेग शहराच्या परिसरातून लंडनवर व्ही-२ सोडले, तेव्हा ते ओढून आणून उभे करणारा लांबलचक गाडा झाडीच्या आडोशाला राहत असे. डाग आणि पसार हो, ही युक्ती तिथली. आणि जी वस्तू लपून राहावी म्हणून निर्माण झाली, तिचा खिळा न् खिळा दाखवणारी प्रतिकृती दुकानात विकायला येते! हे ज्ञान सार्वजनिक व्हावे की नाही, ह्यावर वाद झडणे अटळच होते.

तो अमेरिकेत झडला. १९६१ साली रेव्हेल कंपनीने पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुडीची प्रतिकृती बाजारात आणली. एक बाजू उघडली की आतली दालने, यंत्रे, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, सारे दिसे. अणुशक्तीवरील पाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर संतापले. कोट्यवधी डॉलरांची माहिती शत्रूला २ डॉलर ९८ सेंटांत मिळते आहे, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता. मला ह्यात रिकोव्हर सर्वस्वी चुकीचे वाटत नाहीत. छापलेले शंभर तुकडे कोणी वाचत नाही. पण तेच तुकडे कोणी जागच्या जागी जोडून दिले, तर त्यातून नवे ज्ञान उत्पन्न होते.

खेळणे असे खरे बोलत असताना खरी सैन्ये मात्र प्रतिकृतीकडून खोटे वदवून घेत होती. मे १९६५ मध्ये मॉस्कोच्या लाल चौकातील संचलनात जीआर-१ नावाचे प्रचंड क्षेपणास्त्र मिरवले गेले. पाश्चात्त्यांनी त्याला लगेच स्वतःच्या यादीतले नाव आणि क्रमांक बहाल केला. वस्तुतः तो प्रकल्प आदल्याच वर्षी गुंडाळला होता, आणि ते अस्त्र कधीही सैन्यात दाखल झाले नाही. पूर्णाकृती असले तरी ते सोंगच.

ह्या सोंगाची कसोटी लागली १९९१ च्या आखाती युद्धात. इराकने स्कडमध्ये फेरफार करून त्याचा पल्ला ३०० किलोमीटरांवरून सहाशेच्या पुढे नेला आणि इस्राएल व सौदी अरेबियावर मारा सुरू केला. २५ फेब्रुवारीला दाहरान येथील बराकीवर असे एक अस्त्र पडून २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. ह्या माऱ्याची तळे, कारखाने आणि वाहने हुडकण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी दीड हजाराच्या घरात हल्ले केले. परतणारे वैमानिक वाहने उडवल्याचे सांगत होते. १९९३ साली अमेरिकन वायुदलानेच करवलेले सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात फिरते प्रक्षेपक वाहन नष्ट झाल्याचे एकही उदाहरण खात्रीने सिद्ध होऊ शकले नाही. इराकजवळ पूर्व जर्मनीत बनलेल्या नकली प्रतिकृती होत्या. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना त्यांतला फरक पंचवीस यार्डांवरूनही ओळखता आला नव्हता.

मग वैमानिकांनी पाहिले ते काय? काही वेळा ह्या नकला. आणि काही वेळा लांबोडक्या पाठीचे कोणतेही वाहन, विशेषतः तेलाचे टँकर. बगदादहून अम्मानकडे जाणाऱ्या रस्त्यावर जॉर्डनचे टँकर आणि ट्रक ह्या हल्ल्यांत सापडले, त्यांचे चालक मारले गेले. जॉर्डनने तक्रार केली.

मी एक हिशेब करून पाहिला. पंधरा हजार फुटांवरच्या विमानातून ते वाहन जेवढे दिसेल, तेवढी आपली टेबलावरची प्रतिकृती दिसण्यासाठी तिच्यापासून सुमारे १३० मीटर दूर जावे लागते. वैमानिकांजवळ उष्णता टिपणारी यंत्रे होती, हे मान्य. तरीही ज्याच्या घरी अशी प्रतिकृती असेल त्याने एकदा ती, आणि तेवढ्याच प्रमाणातला एक तेलाचा टँकर, मैदानाच्या एका टोकाला शेजारी शेजारी ठेवावेत. दुसऱ्या टोकाला जावे, अंधार पडू द्यावा, आणि कोणता कोणता ते सांगावे.