टाकून दिलेले उत्तर

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून वाहणाऱ्या आपल्या पूर्णेलाच जुन्या ग्रंथांत पयोष्णी म्हटले आहे, असे जाणकार मानतात. या पयोष्णीकाठच्या दधिग्रामी ज्योतिषांचे एक घराणे नांदत होते. त्यातले बल्लाळ काशीला जाऊन राहिले. कृष्ण दैवज्ञ हे त्यांचे चिरंजीव. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर त्यांनी इ. स. १६०० च्या सुमारास टीका लिहिली. नियम कसा वापरावा एवढे सांगून ते थांबले नाहीत. तो खरा का, हेही त्यांनी समजावले.

‘बीजगणिता’त माकडांचे एक कोडे आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तितकी माकडे गुहेत शिरली आणि एक फांदीवर दिसते, तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पण पाच धरले तर एकातून तीन वजा करावे लागतात, म्हणजे उणे दोन माकडे! अशा ऋण संख्येवर लोकांचा भरवसा बसत नाही, म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले.

व्यवहारात ते ठीकच झाले. पण आता कोडे उलटे घालू. समीकरण पुसले गेले, हाती फक्त उत्तरे उरली, तर गुणक सापडतील काय? कळपाच्या संख्येतून एकदा ५० आणि एकदा ५ वजा करा, त्या दोन वजाबाक्यांचा गुणाकार शून्य मांडा. मिळते ते असे : संख्येचा वर्ग, वजा तिची ५५ पट, अधिक २५०, बरोबर शून्य. ५५ ही उत्तरांची बेरीज, २५० हा गुणाकार. नुसते ५० घेऊन बसलात, तर दोन अज्ञात गुणकांपैकी एकही निश्चित होत नाही. टाकलेले पाचच इथे कामी येतात.

मुळे आणि गुणक यांचे हे नाते युरोपात फ्रांस्वा व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने मांडले. तो १६०३ मध्ये वारला. ग्रंथ १६१५ मध्ये छापला गेला. त्याने धन मुळेच जमेस धरली. ऋण मुळांना आल्बेर जिरारने १६२९ मध्ये जागा दिली.

आणि आपले कृष्ण दैवज्ञ? ऋणपणा केवळ कर्जात नसतो, तो दिशेत आणि काळातही असतो, असे त्यांनी सांगितले. मूर्तिजापुरात उभे राहा. पूर्वेची अमरावती धन मानली, तर पश्चिमेचे अकोला ऋण ठरेल. म्हणून अकोला नाहीच, असे कोण म्हणेल?

तेव्हा गैरलागू उत्तर बाजूला ठेवावे. पाटीवरून पुसू मात्र नये.