उपग्रहाचे रेडिओ संकेत का लुकलुकतात?

ताऱ्याचा प्रकाश हवेच्या हलत्या थरांतून येताना लुकलुकतो. उपग्रहाकडून येणारे रेडिओ संकेतही असेच लुकलुकतात. त्यांची तीव्रता क्षणाक्षणाला कमी-जास्त होते. याला सिंटिलेशन म्हणतात. त्याचे कारण हवेत नसून आयनांबरात असते.

आयनांबरातील बुडबुडे

सुमारे ६० ते १,००० किमी उंचीवर सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा विद्युतभारित भाग म्हणजे आयनांबर. सूर्यास्तानंतर त्याच्या खालच्या भागातील इलेक्ट्रॉन व आयन झपाट्याने पुन्हा एकत्र येतात आणि तो भाग विरळ होतो. वरचा भाग दाटच राहतो. पाणी वर आणि तेल खाली ठेवावे, तशी ही अस्थिर रचना होते. मग विरळ भाग बुडबुड्यांसारखा वर घुसतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास हे विशेष घडते.

संकेताचे काय होते?

बुडबुड्यांच्या आत व कडांवर लहान-मोठे विस्कळीत पट्टे तयार होतात. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ संकेतासाठी साधारण ४०० मीटर आकाराचे पट्टे सर्वाधिक त्रासदायक ठरतात. त्यांतून आलेल्या लहरी जमिनीवर कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना मारक ठरतात. ही नक्षी सरकत असल्याने ग्राहकयंत्रातील संकेत चढ-उतार करतो. तीव्र प्रसंगी संकेताची शक्ती शंभरावा हिस्सा इतकी उरते.

भारताला धोका अधिक

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा येथे १९६३ मध्ये अग्निबाण प्रक्षेपण सुरू होण्याचे तेच कारण. बुडबुडे चुंबकीय बलरेषांच्या दिशेने उत्तरेकडे पसरतात, त्यामुळे महाराष्ट्र-गुजरातही त्यांच्या टप्प्यात येतात. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सौरडागांचे प्रमाण जास्त असलेल्या वर्षांत, सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत हा त्रास वाढतो. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था या बुडबुड्यांचा अभ्यास करते.

उपाय

आयनांबरामुळे संकेताला होणारा उशीर दोन वारंवारता वापरून काढता येतो. सिंटिलेशनमध्ये मात्र संकेतच हातचा जातो. गेलेला संकेत दुरुस्त करता येत नाही. स्थान ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. म्हणून विमानांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘गगन’ प्रणालीपुढे हे मोठे आव्हान आहे. अधिक उपग्रह दिसत असतील तर धोका घटतो. उच्च वारंवारतेवर परिणामही कमी होतो. ‘नाविक’चा एस-बँड संकेत त्यामुळे तुलनेने सुरक्षित असतो.