सोसायटी : सावकारी कर्जापासून उपनगरी घरापर्यंत

मुलुंड-बोरिवलीत ‘सोसायटी’ म्हणजे इमारत. ‘रिक्षा सोसायटीच्या गेटवर थांबवा’, ‘सोसायटीत आज पाणी नाही’. सातारा-सांगलीकडच्या गावात मात्र ‘सोसायटी भरली का?’ म्हणजे पीककर्ज फेडलं का. हे दोन अर्थ सख्खी भावंडं आहेत, आणि त्यांचं मूळ अंधेरी-घाटकोपरात नाही, सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यात आहे.

१८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. शेतकऱ्याला स्वस्त कर्ज कसं मिळावं, हा प्रश्न पुढे सरकारला टाळता येईना. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा हे त्याचं उत्तर. पण त्या कायद्याखालच्या सोसायटीने फक्त पत पुरवायची होती. १९१२ च्या कायद्याने ही अट काढली, आणि घरांची वाट मोकळी झाली.

दोन्ही अर्थांना जोडणारा माणूस म्हणजे श्रीपाद सुब्राव तालमकी. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली १९१५ मध्ये, तीही त्यांच्याच पुढाकाराने. कर्जाचा साचा घराला लागला तो इथे. वांद्र्याची साल्सेट कॅथलिक सोसायटी १९१८ ची.

पण संस्थेचं नाव इमारतीला कसं चिकटलं? काहीजण म्हणतात, फाटकावरच्या लांबलचक पाटीचा हा संक्षेप. मला हे पटत नाही. गावातल्या पतसोसायटीचीही पाटी तशीच लांब असते, पण तिथे शब्द कचेरीच्या भिंतींपुरता राहिला नाही, कर्जालाच चिकटला. दुसरा तर्क डेक्कन एज्युकेशन सोसायटीसारख्या जुन्या संस्थांकडे बोट दाखवतो. पण तिथली शाळा शाळाच राहिली, कॉलेज कॉलेजच. त्यांना कुणी सोसायटी म्हणत नाही.

माझं मत असं : सोसायटी ज्याच्या पदरात जे टाकते, तोच तिचा अर्थ होतो. गावात तिने कर्ज दिलं, उपनगरात छप्पर. गावदेवीच्या त्या पहिल्या सोसायटीत तर सभासद संस्थेचे भाडेकरूच होते. घर सोसायटीचं, म्हणून घर म्हणजेच सोसायटी. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांनी हे घरोघर पोहोचवलं. पुरेसे फ्लॅट विकले गेले की सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज करणं बिल्डरवर बंधनकारक झालं. सरकारी कागदावर ‘गृहनिर्माण संस्था’ आली, जिन्यात ‘सोसायटी’च राहिली.

हा जोड किती पक्का आहे, ते पुनर्विकासात दिसतं. ‘आमची सोसायटी पाडली’ असं लोक म्हणतात. पाडली जाते इमारत. विकासकाशी करार करणारी, भाड्याचा हिशेब मागणारी, नव्या घराच्या चाव्या मिळेपर्यंत सभासदांना एकत्र धरून ठेवणारी सोसायटी मात्र शाबूत असते. म्हणून पुनर्विकासाच्या बैठकीत हा शब्द उच्चारताना आपण भिंतींबद्दल बोलतोय की एकमेकांबद्दल, हे प्रत्येक सभासदाने नेमकं ओळखायला हवं.