दोन बसीन, दोन विमानतळ आणि एक आकडा

१/ इंग्रजी अमदानीत वसईचे नाव ‘बसीन’ असे लिहिले जाई. त्याच नावाचे दुसरे शहर ब्रह्मदेशात होते, आजचे पाथेन. आणि १९३७ पर्यंत ब्रह्मदेशही हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता. गावच्या माणसाला नुसते नाव पुरते, परक्याला ते पुरत नाही. विमानतळावरील वाटांच्या नामकरणाचा इतिहास याच फरकातून घडला आहे.

२/ वसईच्या किल्ल्याकडे पाहा. पोर्तुगीजांनी बुरुजांना सान सेबास्तियन, रेमेदियुस अशी संतांची व मातेची नावे दिली. एक दरवाजा जमिनीकडचा, दुसरा बंदराकडचा. ही नावे श्रद्धेची आणि सवयीची. आत राहणाऱ्यांसाठी ठेवलेली. विमानतळावर मात्र ऐकणारा बहुधा परका असतो.

३/ वसईहून लोकलने दक्षिणेकडे गेल्यास विलेपार्ल्याच्या पश्चिमेला जुहूचे विमानतळ लागते. त्याची स्थापना १९२८ सालची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. पुढे शेजारीच सांताक्रूझचे मोठे विमानतळ झाले.

४/ धावपट्टीला नाव नसते, आकडा असतो. होकायंत्रावरील तिची दिशा दहाने भागून जवळचा पूर्णांक घ्यायचा. म्हणून जुहूची पट्टी ०८/२६ आणि सांताक्रूझची मुख्य पट्टी ०९/२७. दोन्ही जवळजवळ पूर्व-पश्चिम, दोन्ही एकमेकींच्या शेजारी.

५/ परिणाम? १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचे कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाची तीच चूक झाली. आखूड धावपट्टी संपली, विमान पुढे गेले आणि निकामी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

६/ धावपट्टीपासून विमान उभे करण्याच्या जागेपर्यंतची वाट म्हणजे टॅक्सीवे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार तिला अक्षर द्यावे, किंवा अक्षर आणि आकडा. नुसता आकडा धावपट्टीसाठीच राखीव. ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे वर्ज्य, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. ‘एक्स’ही वर्ज्य, कारण ती फुली बंद पट्टीची खूण आहे.

७/ अक्षर रेडिओवर नीट ऐकू यावे म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माला आली. तिचे आजचे रूप १९५६ पासूनचे. निरनिराळ्या मातृभाषांच्या लोकांवर चाचण्या घेऊन शब्द निवडले गेले. येथे नावाला अर्थ असणे महत्त्वाचे नाही, ते चुकीचे ऐकू न येणे महत्त्वाचे.

८/ लहान विमानतळावर बहुधा एखाददुसरीच वाट असते. विमाने उभी करण्याच्या जागांना १, २, ३ असे क्रमांक पुरतात. तेथील माणसे ‘हँगरकडची वाट’ म्हणूनही काम चालवू शकतील. मग एवढा काटेकोरपणा कशासाठी?

९/ ८ ऑक्टोबर २००१, मिलानचे लिनाते विमानतळ, दाट धुके. एका छोट्या विमानाला ‘आर ५’ या वाटेने जाण्यास सांगितले होते. ते ‘आर ६’ वर गेले. वैमानिकाने वाटेत दिसलेली ‘एस ४’ ही खूण कळवली, पण ती नियंत्रकाला परिचित नव्हती. वाट थेट चालू धावपट्टीवर निघाली. उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाशी टक्कर होऊन ११८ माणसे मृत्युमुखी पडली.

१०/ जमिनीवर रंगवलेली खूण, हातातला नकाशा आणि कानावर पडलेला शब्द या तिन्ही ठिकाणी नाव एकच असले पाहिजे. जुनी खूण पुसायची राहिली, तर ती नसलेल्या खुणेपेक्षा घातक ठरते.

११/ वसईच्या बुरुजांची नावे आपण जपावीत, कारण त्यांत स्मृती आहे. टॅक्सीवेचे ‘अल्फा’ मात्र मुद्दामच कोरडे ठेवले आहे. प्रथमच आलेल्या वैमानिकालाही ते धुक्यात, तेथल्या माणसाइतकेच, अचूक कळावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.